फड कुणाच्या नावावर?

सर्कशीचा तंबू आणि तमाशाची कनात आपल्या तालुक्याच्या गावांत एकाच मैदानावर लागायची. बाजारतळ नाहीतर यात्रेचं पटांगण. दिवाळी झाली, सुगी घरात आली, हातात चार पैसे खुळखुळायला लागले की गावातून भोंगा लावलेली गाडी फिरायची. सर्कस आली की सगळं घर जायचं. आजी, काकू, पोरंटोरं आणि सोबत भाजलेल्या शेंगांची पुडी. तमाशा आला की मात्र घरातली पुरुष मंडळी जेवणं उरकून गुपचूप बाहेर पडायची, आणि आम्ही बायका अंथरुणात पडल्या पडल्या लांबून येणारी ढोलकी ऐकायचो. सकाळी कुणी विचारायचं नाही, कुणी सांगायचं नाही.

खरं तर दोन्ही तंबूंत बाईच्या कलेवरच तिकीट खपायचं. सर्कशीतली मुलगी एका झुल्यावरून दुसऱ्या झुल्यावर झेप घ्यायची तेव्हा अख्खा तंबू श्वास रोखायचा. तमाशातली बाई पायात जड चाळ बांधून पहाटेपर्यंत नाचायची, मध्येच गवळण गायची, वगात राणी होऊन तलवारही उपसायची. या दोन कलांचं नातंही जुनं आहे. आपल्याकडचा कोल्हाटी समाज मूळचा कसरती करणारा. दोरीवरून चालणं, बांबूवर तोल सांभाळणं, कोलांटउड्या मारणं हे त्यांच्या मुलींना चालता येऊ लागलं की शिकवलं जायचं. पुढे त्याच समाजातल्या कितीतरी मुली लावणीकडे वळल्या. म्हणजे तोल सांभाळायची कला तीच, फक्त दोरी बदलली.

आणि या बायकांबद्दल आपल्याला उत्सुकता कसली असते? ती हे कुठे शिकली, दिवसाला किती तास मेहनत करते, तिला पगार किती मिळतो, तो तिच्या हातात पडतो की दुसऱ्याच कुणाच्या, यातलं काहीच आपण विचारत नाही. आमच्या भिशीत एकदा तमाशाचा विषय निघाला होता. कांताबाई सातारकरांचं नाव निघताच एकीनं लगेच विचारलं, ‘‘पण अगं, त्यांचं रीतसर लग्न झालं होतं का?’’ ऐंशी वर्षांच्या आयुष्यातून आपल्याला नेमका हाच प्रश्न सुचतो! कलावंत बाईचं प्रेम म्हणजे आपल्या लेखी चघळायचा विषय. ते प्रेम तिला कितीला पडलं, हा हिशेब कुणी मांडत नाही. आज मला तोच मांडायचा आहे, आणि त्यासाठी लांब जायची गरज नाही. आपल्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्याच तीन बायका पुरेत.

पहिल्या पवळाबाई. संगमनेर तालुक्यातल्या हिवरगाव पावसा या गावच्या. जन्म १८७० सालचा, महार समाजातला. घरच्यांनी त्यांना खंडोबाला मुरळी म्हणून वाहिलं होतं. मुरळी म्हणजे देवाशी लग्न लागलेली. तिनं देवापुढे गायचं, नाचायचं, पण माणसाशी संसार मांडायचा नाही, अशी ती रीत. तोपर्यंत तमाशाच्या फडात बाईचं सोंग पुरुषच घ्यायचे. ‘नाच्या’ म्हणतात तो लुगडं नेसून उभा राहायचा. अशा त्या काळात पवळाबाई फडावर उभ्या राहिल्या. तमाशातली पहिली स्त्री म्हणून आज त्यांचं नाव घेतलं जातं. विचार करा, लाऊडस्पीकर नाही, विजेचे दिवे नाहीत, पुढ्यात नुसते पुरुष बसलेले, आणि त्यात एकटी बाई आवाज लावतेय. झुल्यावरून झेप घेण्याइतकंच धाडस हे. खाली जाळीसुद्धा नाही.

त्यांच्या आयुष्यात आले पठ्ठे बापूराव. मूळचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी. जन्म १८६६ चा, वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचा. ब्राह्मणाच्या घरातला शिकलेला मुलगा, पण लावणीनं असा झपाटला की घर आणि जात मागे टाकून तमाशात शिरला. बापूरावांनी लावण्या, गण, गवळणी, वग लिहायचे आणि पवळाबाईंनी त्यात प्राण ओतायचा, अशी ती जोडी जमली. दोघं एकत्र राहू लागले. ब्राह्मण आणि महार, तेही त्या काळात! केवढा गहजब झाला असेल याची कल्पना आपण आजही करू शकतो. आजही गावात असं लग्न झालं की आईबाप आठवडाभर बाहेर तोंड दाखवत नाहीत.

जोडीनं नाव काढलं, पैसा कमावला. बापूरावांची कीर्ती तर इतकी पसरली की १९०८-०९ च्या सुमारास त्यांनी छत्रपती शाहू महाराजांपुढे ‘मिठाराणी’चा वग केला. पुढे मात्र दोघांची ताटातूट झाली. पवळाबाई फड सोडून गेल्या आणि फडाची रयाच गेली, असं जुने लोक सांगतात. पवळाबाई १९३९ साली गेल्या, बापूराव १९४५ साली. बापूरावांचे शेवटचे दिवस हलाखीत गेले.

आता ही गोष्ट आपल्याला कशी सांगितली जाते ते बघा. एका ब्राह्मण शाहिरानं एका महार स्त्रीसाठी जात सोडली, घर सोडलं, मानपान सोडला. केवढा त्याग! त्यांच्या नावाचा सिनेमाही १९५० साली निघाला. बापूरावांचा त्याग मोठाच होता, मी तो कमी लेखत नाही. पण पवळाबाईंनी काय सोडलं, काय लावलं, काय गमावलं, त्याची यादी कुणी केली का? बापूराव भेटले तेव्हा त्या काही घरात बसलेल्या नव्हत्या. आधीपासून फडावर उभ्या होत्या. लोक त्यांना बघायला, ऐकायला येत होते. त्या गेल्यावर फडाची रया गेली असेल, तर मग तो फड होता कुणाचा? बोलण्यातही गंमत बघा. आपण ‘बापूराव म्हणाले’ असं म्हणतो आणि ‘पवळा म्हणाली’. ते अहो-जाहो, ती अगं-तुगं. म्हणून मी या लेखात मुद्दाम पवळाबाई असंच लिहिणार आहे.

एक प्रसंग बाबासाहेब आंबेडकरांच्या संदर्भात सांगितला जातो. महाडचा सत्याग्रह १९२७ चा. त्या कामासाठी बापूरावांनी पैसे देऊ केले, पण महार स्त्रियांना नाचवून मिळवलेला पैसा मला नको, असं सांगून बाबासाहेबांनी तो नाकारला. या प्रसंगावर बरीच चर्चा होते. बाबासाहेबांना आपल्या समाजातल्या बायकांची अब्रू बाजारात मांडलेली नको होती, हे समजण्यासारखं आहे. पण बायकांच्या नजरेनं पाहिलं तर मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. घुंगरं बांधून रात्रभर नाचणाऱ्यांची ती कमाई होती, आणि देणगीदार म्हणून पुढे उभं राहायचा मान मात्र नाचणाऱ्यांचा नव्हता. पैसा देणारा पुरुष, नाकारणारा पुरुष. ज्यांच्या पायांनी तो कमावला त्यांना काय वाटलं, ते कुणी लिहून ठेवलं नाही.

हे लिहून ठेवायचं काम अलीकडे एका बाईनंच हाती घेतलं, आणि तीही आपल्याच जिल्ह्यातली. शैलजा पाईक. जन्म कोपरगाव तालुक्यातल्या पोहेगावचा, लहानपण पुण्याच्या येरवड्यातल्या झोपडपट्टीत गेलं, आणि आज त्या अमेरिकेत सिनसिनाटी विद्यापीठात इतिहासाच्या प्राध्यापक आहेत. तमाशातल्या दलित स्त्रियांवर त्यांनी वर्षानुवर्षं काम केलं. त्यांचं ‘द व्हल्गॅरिटी ऑफ कास्ट’ हे इंग्रजी पुस्तक २०२२ साली आलं. त्यात पवळाबाईंवरही लिहिलंय. २०२४ साली त्यांना मॅकआर्थर फेलोशिप हा अमेरिकेतला फार मोठा सन्मान मिळाला. हिवरगावच्या मुरळीची दखल जगानं घ्यायला पोहेगावची लेक जन्मावी लागली, मध्ये शंभर वर्षं गेली.

दुसऱ्या कांताबाई सातारकर. या संगमनेरच्याच झाल्या, जरी नावात सातारा असला तरी. जन्म १९३९ चा. योगायोग बघा, पवळाबाई गेल्या त्याच वर्षातला. आईवडील मजूर, पोटासाठी गुजरातमध्ये दगडाच्या खाणीवर गेलेले. मुलीचा जन्म तिथलाच. मग कुटुंब साताऱ्याला परतलं. तिथे मेळ्यांत नाचता नाचता ही मुलगी तमाशात आली. मोठमोठ्या फडांत कामं करत करत ती पोचली तुकाराम खेडकरांच्या फडात. तुकाराम खेडकर म्हणजे त्या वेळचे वगसम्राट. गायचे, अभिनय करायचे, लोक त्यांच्यावर जीव टाकायचे. फडावर ते राजा आणि कांताबाई राणी. तिथेच दोघांचं जुळलं, संसार झाला, मुलं झाली.

मुलंबाळं आणि फड एकत्र सांभाळायचा म्हणजे काय, ते घरात राहणाऱ्या आपल्याला कळणं अवघड आहे. आज इथे, उद्या तिथे. दसऱ्याला बाहेर पडलेला फड बुद्धपौर्णिमेपर्यंत घरी परतत नाही. दिवसा ट्रकमधल्या पेट्यांवर झोपायचं, संध्याकाळी राहुटीत चूल पेटवायची, रात्री तोंडाला रंग. विठाबाई नारायणगावकरांची गोष्ट तर सगळ्यांना माहीत आहे. नऊ महिने भरलेले असताना त्या नाचल्या, कनातीमागे जाऊन बाळंत झाल्या, दगडानं नाळ तोडली आणि पुन्हा फडावर जायला निघाल्या. आपण ही गोष्ट डोळ्यांत पाणी आणून सांगतो. मला ती ऐकताना प्रत्येक वेळी वाटतं, अरे, त्या रात्रीचा तमाशा बंद ठेवायचा अधिकार त्या बाईला कुणीच कसा दिला नव्हता?

तर कांताबाई. १९६४ साली तुकाराम खेडकर गेले. कांताबाई तेव्हा जेमतेम पंचविशीच्या. पदरात लहान मुलं. फडाचा राजाच गेल्यावर राणीला कोण विचारतो? आपल्याकडे तरुण विधवेची काय गत होते ते सांगायला नको. त्यातून ही तमाशातली. तिच्याकडे बघणाऱ्या प्रत्येक नजरेत एक भाव ठरलेला. अशा वेळी बाईपुढे दोन वाटा असतात, असं लोक धरून चालतात. एक तर दुसरा कुणीतरी ‘मालक’ बघायचा, नाहीतर दुसऱ्याच्या फडात मिळेल त्या पैशावर नाचायचं. कांताबाईंनी काही वर्षं सोसलं आणि १९६९ साली स्वतःचा फड काढला. स्वतःच्या नावावर. बोर्डावर मोठ्या अक्षरांत ‘कांताबाई सातारकर’.

फड काढणं म्हणजे नुसतं नाचणं नव्हे हो! दसऱ्याच्या आधी कलाकारांना उचल द्यावी लागते. उचल म्हणजे हंगामाचे आगाऊ पैसे. ती दिली नाही तर ढोलकीवाला दुसऱ्या फडात जातो. ट्रक, कनात, जनरेटर, कपडेपट. पोलिसांचा परवाना. गावोगावच्या यात्रा कमिटीच्या पंचांशी सुपारीची घासाघीस. पाऊस पडला आणि खेळ बुडाला तरी संध्याकाळी शे-पाऊणशे माणसांच्या पुढ्यात भाकरी पडलीच पाहिजे. सावकाराचं व्याज थांबत नाही. शिवाय पुढच्या रांगेतला कुणी पिऊन उठला तर त्याला खाली बसवायची धमक. हे सगळं एका बाईनं केलं. ‘रायगडची राणी’सारखे वग गाजवले. मुलांना त्याच फडात घडवलं. मुलगा रघुवीर खेडकर मोठा झाला, सोंगाड्या म्हणून त्यानं नाव काढलं, फडाच्या बोर्डावर त्याचंही नाव आलं. पण आईचं नाव उतरलं नाही. आई आणि मुलगा अशी दोघांची नावं त्या बोर्डावर झळकत राहिली.

विठाबाईंच्या नावानं राज्य सरकारनं जीवनगौरव पुरस्कार सुरू केला, तेव्हा पहिला मान कांताबाईंना मिळाला. २५ मे २०२१ रोजी, कोरोनाच्या त्या भयंकर दिवसांत, त्या संगमनेरला गेल्या. वय बयाऐंशी.

पवळाबाई आणि कांताबाई दोघीही तितक्याच गुणी. दोघींनीही आपल्याच तोलामोलाच्या कलावंतावर प्रेम केलं. मग फरक कुठे पडला? माझ्या मते फरक पडला तो एकाच ठिकाणी. कांताबाईंचं प्रेमाचं माणूस गेलं, तरी त्यांनी स्वतःच्या नावाचा फड उभा केला. तो फड त्यांच्या म्हातारपणाची काठी झाला, मुलांची शाळा झाला आणि लोकांच्या तोंडाला कुलूपही. पवळाबाईंच्या कलेवर उभं राहिलेलं वैभव इतिहासात बापूरावांच्या नावावर जमा झालं.

आता तिसरी बाई. ही गोष्ट अगदी अलीकडची, २०२३ सालची, पेपरात आणि मोबाइलवर तुम्हीही पाहिली असेल. कोपरगावच्या बसस्थानकावर एक म्हातारी राहायची. अंगावर मळकं लुगडं, जवळ एक बोचकं. कुणीतरी तिचा व्हिडिओ काढला. त्यात ती लावणी म्हणत होती, बसल्या जागी हातांनी, डोळ्यांनी अदा करत होती. तो व्हिडिओ महाराष्ट्रभर गेला आणि मग लोकांना कळलं, या तर शांताबाई कोपरगावकर! एके काळी मुंबईच्या लालबाग-परळचे थिएटर गाजवलेल्या. त्यांच्या नावाचा फड होता, त्या फडावर कितीतरी माणसांची पोटं भरत होती. फड गेला कसा? शांताबाईंना लिहितावाचता येत नव्हतं आणि विश्वासातल्या माणसाकडून फसवणूक झाली, असं तेव्हाच्या बातम्यांत आलं. व्हिडिओनंतर धावपळ झाली, सरकारी मदत जाहीर झाली, शिर्डीच्या वृद्धाश्रमात त्यांची सोय झाली. चांगलं झालं. पण त्यांची लावणी मोबाइलवर पोचली नसती, तर?

शांताबाईंच्या गोष्टीनं मला फार दिवस झोप लागू दिली नाही. कारण त्यांचं नाव बोर्डावर होतं. मग कांताबाईंसारखं त्यांचं का नाही झालं? तर बोर्डावर नाव असणं वेगळं आणि कागदावरचं नाव वाचता येणं वेगळं. नाव तुमचं आणि सही करायला सांगणारा दुसराच, अशी गत असेल तर त्या नावाला काही अर्थ नाही.

तुम्ही म्हणाल, अहो, हे तमाशातल्या बायकांचं झालं. आम्हा घरंदाज बायकांना याचं काय? असं म्हणणाऱ्या मैत्रिणींना मी एकच विचारते. तुमच्या नावावर काय आहे? शिवणकामाचं दुकान तुम्ही चालवता, बोर्डावर ‘श्रीगणेश लेडीज टेलर्स’ आणि परवाना नवऱ्याच्या नावावर. पापड-कुरडयांचा धंदा तुमचा, खातं दिराचं. गोठ्यात पहाटे चारला तुम्ही उठता, डेअरीचं बिल सासऱ्यांच्या खात्यात. बचत गटाचं कर्ज मात्र तुमच्या नावावर, हे तेवढं बरोबर जमतं! आणि माहेरच्या जमिनीचं काय? मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क महाराष्ट्रात १९९४ सालीच मिळाला, देशभर २००५ साली. तरी भावाच्या प्रेमापोटी हक्कसोडपत्रावर आपण सही करतो. कुणी सांगतं, ‘‘ताई, नुसती सही कर, तुझं माहेर कुठे जातंय?’’ आणि आपण चष्मा नाही म्हणून कागद न वाचताच अंगठ्याइतकी बिनभोबाट सही ठोकतो. शांताबाईंचं आणि आपलं फार काही वेगळं नाही.

यावर एक उत्तर नेहमी येतं. प्रेमात कसले आलेत कागद? विश्वास नाही का? मला वाटतं, हा प्रश्न नेहमी बाईलाच विचारला जातो. पुरुषानं घर स्वतःच्या नावावर घेतलं तर त्याचा बायकोवर विश्वास नाही, असं कुणी म्हणत नाही. खरं प्रेम असेल तर कागदानं ते आटत नाही. उलट जो माणूस म्हणतो, ‘हे तुझ्या कष्टाचं आहे, तुझ्याच नावावर राहू दे,’ त्याच्यावर विश्वास ठेवायला आणखी एक कारण मिळतं. नव्वदच्या दशकात शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं ‘लक्ष्मीमुक्ती’चा कार्यक्रम घेतला, तेव्हा गावंच्या गावं पुढे आली होती. साध्या शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीचा तुकडा बायकोच्या नावावर करून दिला. त्यांचे संसार काही मोडले नाहीत. आजही महाराष्ट्रात घर बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे, २०२१ पासून. म्हणजे घरात वाद होण्याऐवजी चार पैसे वाचतातच.

नावाचीच गोष्ट निघाली आहे तर तमाशातल्या या बायकांची आडनावं आठवा. हिवरगावकर, सातारकर, नारायणगावकर, कोपरगावकर, संगमनेरकर. आपण लग्नानंतर नवऱ्याचं नाव लावतो, यांनी गावाचं लावलं. ज्या गावच्या मोठ्या घरांत त्यांना ओसरीच्या आत प्रवेश नव्हता, त्या गावाचं नाव त्यांनी महाराष्ट्रभर नेलं. आणि त्यांच्या मुलांचं? शाळेत नाव घालताना बापाच्या नावाची जागा आली की मास्तर थांबायचे. किशोर शांताबाई काळे यांचं ‘कोल्हाट्याचं पोर’ हे आत्मचरित्र १९९४ साली आलं. त्यांची आई शांताबाई तमाशात नाचणारी, या कोपरगावच्या शांताबाईंहून वेगळ्या. आजोळ आपल्या शेजारच्या करमाळा तालुक्यातलं नेरले. घरातली पोर नाचवून भाऊ-बाप कसे बसून खातात, आणि तिनं प्रेमाच्या आशेनं कुणाचा हात धरला तर तिचं लेकरू कसं मागे राहतं, हे त्या मुलानं, डॉक्टर झाल्यावर, लिहून काढलं. आईवरचा राग आणि आईवरची माया दोन्ही त्यात आहे. पण नाव लिहिताना त्यानं मधे बापाच्या जागी आईचं नाव घातलं. तेव्हा लोकांना ते विचित्र वाटलं होतं. आज काय झालंय? १ मे २०२४ नंतर महाराष्ट्रात जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, असा नियम झाला. जे एका नाचणारीच्या पोरानं तीस वर्षं आधी करून दाखवलं, ते आता आपल्या प्रत्येक घरातल्या बाळाच्या जन्मदाखल्यावर आलंय. ज्यांना आपण नावं ठेवली, त्यांच्याच वाटेनं आपण चाललोय की!

प्रेम करू नका, असं मी म्हणणार नाही. पवळाबाईंनी केलं म्हणून मराठी लावणीला ते दिवस दिसले. कांताबाईंनी केलं म्हणून एक फड पिढ्यान् पिढ्या चालला. जीव लावल्याशिवाय कला होत नाही आणि संसारही होत नाही. फक्त जीव लावताना आपला हिशेब आपल्याला माहीत असावा. पासबुक कपाटात कुठल्या कप्प्यात आहे, उताऱ्यावर कुणाचं नाव आहे, दुकानाचा परवाना कुणाचा आहे, एवढं तरी.

या आठवड्यात एक काम करा. घरातली सगळी कागदपत्रं एकदा खाली काढा आणि प्रत्येक कागद स्वतः वाचा. वाचता येत नसेल त्या सासूबाईंना, आत्याला, कामाला येणाऱ्या मावशींना तुम्ही वाचून दाखवा. ज्या कामात तुमचे हात झिजलेत, त्या कागदावर तुमचं नाव नसेल तर घरात विषय काढा. भांडायची गरज नाही, चहाच्या वेळी सहज काढा. आणि पुढच्या वेळी कुणी एखाद्या कलावंत बाईबद्दल ‘तिचं कुणाशी होतं गं?’ असं विचारलं, तर तुम्ही उलट विचारा, ‘‘तिचा फड कुणाच्या नावावर होता?’’